द्वारकाबाईंची वेळ

तिसऱ्यांदा लावलेला फोनही वाजून वाजून बंद झाला, तेव्हा द्वारकाबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सहाला दहा कमी होते. सांभाळायला ठेवलेली बाकीची तिन्ही मुलं आपापल्या आयांबरोबर गेली होती. साडेतीन वर्षांची अबोली तेवढी जमिनीवर मांडी घालून भेंडीच्या देठांची आगगाडी करत बसली होती. द्वारकाबाई बाहेर जायची जांभळी साडी नेसून, पिशवीत गुळाच्या पोळ्यांचा डबा घालून, साडेपाचपासून तयार होत्या.

"आजी, तू गावाला चालली?"

"न्हाय गं. हितं स्टँडवर. तुजी आई आली की लगीच."

त्यांची जुनी शेजारीण सारजा आज भवानीनगर सोडून चालली होती, कायमची. तिची मुलगी संजीवनी तिला पुण्याला न्यायला आली होती. बारामतीच्या स्टँडवर दोघी साडेपाचला उतरणार आणि सहाच्या गाडीनं पुढे जाणार. सारजाचे दोन्ही गुडघे गेलेले, त्यामुळे सामानसुमान घेऊन तिला जळोचीला, द्वारकाबाईंच्या घरापर्यंत आणणं शक्य नव्हतं. आणि कान तर चार वर्षांपूर्वीच गेलेले. फोनवर तिला काही ऐकू येत नसे. तिच्याशी बोलायचं तर समोर बसून, तिच्या कानाशी तोंड नेऊनच बोलावं लागे. म्हणून द्वारकाबाईंनी सोमवारीच अबोलीच्या आईला, विनयाला, सांगून ठेवलं होतं, "गुरुवारी साडेपाचला ये बाई. येवढ्या एका दिवशी." विनया म्हणाली होती, "हो मावशी, नक्की."

द्वारकाबाईंनी अबोलीच्या वडिलांना, कुशलला, फोन लावला. तो बियाण्याच्या कंपनीत होता. शेळगावकडे कुठल्या तरी डाळिंबाच्या बागेत गेला असणार. फोन लागलाच नाही.

अबोलीला कडेवर घेऊन रिक्षात बसणं काही अवघड नव्हतं. शेजारच्या कुशाबाईंनीही दारातून सांगितलं, "पोरीला माज्याकडं ठिवा की घटकाभर." द्वारकाबाईंनी नाही म्हणून मान हलवली. आईबापाला न विचारता मूल उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही आणि दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही, हा त्यांचा नियम छत्तीस वर्षांचा होता.

तो भवानीनगरातच पडला होता. त्यांचे मालक साखर कारखान्यात बॉयलरवर होते. दोन खोल्यांचं क्वार्टर, आणि भिंतीला भिंत लावून सारजाचं. दोघींचीही मुलं शाळेत जाऊ लागली होती. मग दवाखान्यातल्या नर्सबाई, शाळेतल्या मास्तरीणबाई, हळूहळू अशा सगळ्यांची मुलं या दोन घरांत येऊ लागली. दुपारी सारजाच्या ओसरीवर बारा-बारा मुलं ओळीनं झोपायची. हंगामात उसाच्या मळीचा वास अंथरुणातसुद्धा यायचा. सारजाचा आवाज खणखणीत. ती ओव्या म्हणायला लागली की झोपलेली मुलं उठायची आणि द्वारकाबाई तिच्यावर डाफरायच्या. वेळेवरून कधी कुणाला बोलावं लागलं नाही. कारखान्याचा भोंगा झाला की सगळ्या वसाहतीचा दिवस एकदम मोडायचा. चहाची आधणं चढायच्या आत आया दारात हजर. पगार झाला की पैसे आपोआप यायचे, वर कुणाच्या शेतातली मेथी, कुणाच्या म्हशीचा खरवस.

एकदाच घात झाला. नर्सबाईंचा युवराज दोन वर्षांचा होता. त्याला घेऊन दोघी बाजाराला गेल्या आणि नेमक्या नर्सबाई त्या दिवशी लवकर सुटल्या. दाराला कुलूप. ती बाई अनवाणी, आधी विहिरीवर आणि मग कालव्यावर धावत गेली. दोघी परतल्या तेव्हा कालव्याच्या पुलावर ती कठडा धरून पाण्याकडे बघत उभी होती. युवराजला घेतलं आणि गेली. सारजा आणि द्वारकाबाई त्या रात्री जेवल्या नाहीत.

साडेसहाला संजीवनीचा फोन आला. "मावशी, आई ऐकतच नाही. दोन गाड्या सोडल्या. येतीच म्हणते द्वारकी. निघालात का?"

"पोरगी हाय गं घरात. तिची आई आली की निघतेच."

"मावशी, माझी मुलगी घरी एकटी आहे. सातची गाडी मात्र धरावी लागेल."

"धर बाई. तू तरी काय करशील."

सात वाजून पाच मिनिटांनी विनयाची स्कूटी वाजली. हातात किराण्याची भरलेली पिशवी. "सॉरी मावशी! ऑफिसातून सहालाच निघाले होते, पण म्हटलं जाता जाता सामान घ्यावं. फोन पर्समध्ये सायलेंटवर. अबोली तुमच्याकडे आहे म्हटल्यावर मला काही काळजीच नसते बघा." मग तिचं लक्ष जांभळ्या साडीकडे गेलं. "अय्या. आज गुरुवार."

द्वारकाबाईंनी अबोलीच्या चपलेचा पट्टा लावला. "सावकाश जा," एवढंच म्हणाल्या. मग कुलूप लावलं आणि रिक्षा करून तरीही स्टँडवर गेल्या. पुण्याच्या फलाटावरचा बाक रिकामा होता. त्या बाकावर जरा वेळ बसून त्या परत आल्या.

रात्री कणीक मळता मळता त्यांनी उद्याचं बोलणं मनात चार वेळा जुळवलं. इतक्या वर्षांत कुणाच्या आईला असं सांगायची वेळ आली नव्हती.

सकाळी विनया दारातूनच मुलीला आत सोडून वळली. "विनया, जरा बस."

"मावशी, उशीर होतोय..."

"हूं दे. काल मला झाला."

विनया बसली. द्वारकाबाईंनी सारजाचं सांगितलं. विनयाचा चेहरा उतरला. "मावशी, मग काल का नाही बोललात?"

"काल बोलले असते तर वाकडं बोलले असते. आता सरळ बोलते. सांच्याला सहाला पोरगी न्यायची. सहा म्हंजे सहा. अडचण आली तर आदी फोन करायचा, आन् आमचा फोन उचलायचा. पैसं पाच तारखेच्या आत. तुमी वीस तारीख करता, कदी निम्मंच देता. मी मागत न्हाय म्हणून मला लागत न्हाईत असं न्हाय."

"मावशी, आम्ही तुम्हाला घरच्याच समजतो हो."

"म्हणूनच तर वाट बघायला लावता. बँकेत गेलीस तर चारच्या आत जातीस का न्हाय?"

विनयाला ते लागलं. पर्स उचलून ती गेली. संध्याकाळी कुशल आला, बरोबर सहाला. तो हसतमुख माणूस. "मावशी, त्यात काय एवढं? जास्तीच्या तासाचे वेगळे पैसे धरा. सांगाल तो आकडा."

"त्यो तास मी इकत न्हाय, कुशलराव."

"मग आम्हाला दुसरीकडे बघावं लागेल."

"बघा. सापडंस्तवर पोरगी हितंच राहूंद्या."

महिन्याच्या शेवटी अबोली दुसऱ्या पाळणाघरात गेली. तिचं पांघरूण कुशल घडी करून घेऊन गेला. सात महिन्यांची असताना ती या घरात आली होती. पहिलं पाऊल तिनं इथल्या स्वयंपाकघराच्या दारात टाकलं होतं. द्वारकाबाईंनी ते विनयाला कधी सांगितलं नव्हतं. ते आईनंच पहिलं पाहिलं असं तिला वाटू दिलं होतं. दुपारी त्या सवयीनं चार सतरंज्या घालायच्या आणि एक उचलायच्या. बाकीच्या आयांच्या कानावर गोष्ट गेलीच होती. ऋषिराजची आई आता पावणेसहालाच येऊन उभी राहायची आणि उगाच घाबरल्यासारखी हसायची. द्वारकाबाईंना ते हसणं नको वाटायचं. आपण चुकलो की काय, असं रोज एकदा तरी मनात यायचंच.

बारा दिवसांनी, भर दुपारी, विनया एकटी आली. मुलं झोपली होती. ती दबक्या आवाजात बोलत होती.

"तिथे रात्री आठपर्यंत ठेवतात, मावशी. उशीर झाला तरी कुणी काही बोलत नाही. मला बरंच वाटलं. परवा साडेसातला गेले तर अबोली बूट घालून, दप्तर पाठीला लावून दारात बसली होती. कधीपासून बसलीय विचारलं, तर तिथल्या सांभाळणाऱ्या मुलीला सांगताच येईना." ती थांबली. "तुमच्याकडेही अशी बसायची का हो?"

द्वारकाबाईंना खोटं बोलता आलं असतं.

"बसायची," त्या म्हणाल्या. "सहाला भांडीकुंडी टाकून दाराशी यायची. मग मी तिला कायतरी खेळ काढून द्यायचे. भेंडीचं देठ, तांदूळ निवडायचं ताट, कायबी."

विनयानं खांद्यावरची ओढणी तोंडाला लावली. मग विनया म्हणाली, "मी ऑफिसात साडेपाचला सुटायचं बोलून घेतलंय. मंगळवारी आणि शुक्रवारी कुशल येईल."

"उद्यापास्नं घिऊन ये पोरीला. तिची सतरंजी हाय."

पुढच्या आठवड्यात द्वारकाबाईंनी सगळ्या आयांना सांगितलं, शनिवारी घर बंद. कारण कुणी विचारलं नाही. सकाळच्या गाडीनं त्या पुण्याला गेल्या.

संजीवनीचा फ्लॅट सातव्या मजल्यावर होता. आतल्या खोलीत सारजा खाटेवर बसली होती. खिडकीतून समोरची दुसरी इमारत दिसत होती आणि तिच्या गॅलऱ्यांतून वाळत घातलेले कपडे. इथे कुणाचं मूल सांभाळायचं नव्हतं, कुणी कानाशी येऊन बोलत नव्हतं. द्वारकाबाईंना पाहून तिनं चटकन हात पुढे केला आणि लगेच मागे घेतला.

"त्या दिशी आली न्हाईस," ती मोठ्यानं म्हणाली. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही.

"आई, अगं सांगितलं होतं ना मी," दारातून संजीवनी म्हणाली, पण ते सारजाला ऐकू गेलं नाही.

येताना गाडीत द्वारकाबाईंनी पुष्कळ बोलणं जुळवून आणलं होतं. विनयाचं, किराण्याचं, लागत नसलेल्या फोनचं. त्या वाकल्या, सारजाच्या कानाशी तोंड नेलं आणि एवढंच म्हणाल्या, "पोरगी हुती घरात. आई आली नव्हती तिची."

सारजा त्यांच्याकडे बघत राहिली.

"मग कशी यशील," ती म्हणाली.

तिनं दोन्ही हातांनी उचलून आपले दुखरे पाय एकेक करून बाजूला सरकवले आणि द्वारकाबाईंना खाटेवर जागा करून दिली.