कथलाचा खर्ज

एर्लबाखच्या चर्चमधल्या ऑर्गनचा भाता मी एकतीस वर्षं तुडवला. तिथली आठ फुटी कथलाची नळी वाजली की पास्टरांच्या पोटातली आंबवलेली कोबी पुन्हा आंबायला लागायची, आणि तीन गल्ल्यांपलीकडच्या कोंबड्या जोडीनं अंडी घालायच्या.

ती नळी ऑर्गन बांधणाऱ्या लेबरेख्त मास्तरांनी आणि त्यांच्या मुलानं, बेन्नोनं, मिळून घडवली होती. दोन्ही तोंडं मोकळी, म्हणून खर्जाबरोबर वरच्या सप्तकातला सा आपसूक उमटायचा. मास्तरांच्या बायको, गेर्ट्रूडवहिनी, म्हणायच्या, "बाप बोलला की पोरगं मधे बोलणारच."

एकोणीसशे सतरा साली लढाईला कथील हवं होतं. शिपाई शिडी घेऊन आले आणि दर्शनी नळ्या, त्यात तीही, वितळवायला घेऊन गेले. बेन्नो त्याआधीच फ्लँडर्सच्या आघाडीवर चिखलात गेला होता.

नोव्हेंबरात मृतांच्या रविवारी वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचतात. "त्याच्या नावाला आपला खर्ज लावून द्या," एवढंच वहिनींनी नवऱ्याकडे मागितलं.

कथील कुठलं मिळायला? मास्तरांनी पाइनच्या फळ्यांची चार फुटी नळी केली आणि वरचं तोंड दट्ट्यानं बंद केलं. सूर दट्ट्याला आपटून माघारी येतो, त्यामुळे अर्ध्या लांबीत तेवढाच खोल खर्ज मिळतो. गरीब चर्चं असंच भागवतात. मी भाता तुडवला. खर्ज अगदी जागेवर होता.

"हा आपला नाही," वहिनी म्हणाल्या. "वरचा कुठाय?"

"बंद नळीत तो उभा राहत नाही गं. पहिला सूर राहतो, तिसरा, पाचवा. मधले गळतात."

"म्हणजे आपल्या गल्लीसारखंच. एका आड एक घर."

मास्तरांनी दट्ट्या उपसला. वरचा सा आला, कोवळा, मिसरूड न फुटलेल्या पोरासारखा. खर्ज मात्र गेला. दट्ट्या पुन्हा ठोकला. बाप आला, पोरगं गेलं. दुपारभर हेच.

"ऑर्टलीब, जरा जोरानं तुडव की," मास्तर मला म्हणाले.

तुडवला. जोरानं तुडवून गेलेलं परत येत असतं, तर मी संत झालो असतो.

"कोणता ठेवू?" त्यांनी शेवटी वहिनींना विचारलं.

"स्तोत्राला कोणता लागतो?"

"खालचा."

"मग विचारता कशाला."

मास्तरांनी दट्ट्याला सरस लावला.

रविवारी तेवीस नावं वाचली. बेन्नोच्या नावाला खर्ज लागला, स्वच्छ आणि एकटा. भात्यामागच्या फटीतून मला वहिनी दिसत होत्या. नळ्यांच्या जागी ठोकलेल्या काळ्या कापडाकडे त्या बघत होत्या.

त्या दिवशी गावात एकाही कोंबडीनं अंडं घातलं नाही. हे मात्र खरं आहे. कोंबड्या आम्ही केव्हाच खाऊन संपवल्या होत्या.