निल

"काय आलं जी?" तेजरामने प्रयोगशाळेच्या खिडकीत मान घालून विचारले.

"निल," आतला माणूस सूक्ष्मदर्शकावरचा डोळा न काढता म्हणाला. "डॉक्टरला दाखवून घ्या."

दाखवायचे कशाला? तो कामाला होता त्या चिखल्याच्या खाणीत कामगारांची थुंकी तपासत. ज्याची निल, तो सुटला. बाकीच्यांची रवानगी क्षयाच्या दवाखान्यात. लग्नाला सहा वर्षे होऊन पाळणा हलला नव्हता, म्हणून तेजराम भंडाऱ्याला शरमेने अर्धमेला होऊन आला होता. मान खाली घालून दिलेली वीर्याची ती शिशी निल निघाली आणि गंगेत घोडं न्हालं! येताना त्याने पेढे घेतले.

आई चंद्रभागाबाईने पेढा तोंडात टाकला आणि सुनेकडे पाहिले. "माह्या पोरात खोट नाही. आता समजलं कोनात हाय ते."

वच्छलाने आपली पेटी स्वतःच उचलली. तिच्या माहेरची, लाखनीची एसटी येईपर्यंत तेजराम तिच्याशी एक शब्द बोलला नाही. खरे तर ती त्याला फार आवडे. पण निल माणसाने दबून का राहायचे?

दुसरी बायको रुखमा आली. तिचीही कूस उजवेना. ऐंशी साली तो तिला भंडाऱ्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेला.

"आधी तुमची तपासणी करू," डॉक्टर म्हणाले.

"माही झाली हाय. खानीत थुंकीची येते तशीच, निल!"

डॉक्टर त्याच्याकडे पाहतच राहिले. "अहो, थुंकीत रोगाचे जंतू शोधतात. तिथं निल चांगलं. वीर्यात जंतू असावेच लागतात. तुमच्यात एकही नाही."

रुखमाला घरी सोडून तो तसाच लाखनीला गेला. वच्छलाच्या भावाकडे सुनेची ओटी भरत होते. ओसरी बायांनी भरली होती. वच्छला मागे गोठ्याजवळ भांडी घासत होती; अशा कार्यात वांझेची सावली कोणाला हवी?

"काहून आले जी?"

"खोट माह्यातच होती, वच्छला. मले निल समजलंच नाही."

तिने घासलेले भांडे पालथे घातले. "मले सांगून काय उपेग? तिकडं ओसरीवर सांगा, बायांले."

तो ओसरीपाशी गेला. बायांनी पदर सावरले, गाणे थांबले. सगळ्या त्याच्या तोंडाकडे पाहू लागल्या.

"पानी भेटन का?" त्याने विचारले.

मागून वच्छलाच तांब्या घेऊन आली. ओसरीची पायरी न चढता तिने तो त्याच्यापुढे धरला.