मडगार्डवरचा चिखल

हरेश्वरच्या पायाला भिंगरी आहे असं त्याची बायको हेमांगी लग्नापासून म्हणत आली होती, पण गेले चौदा महिने ती भिंगरी घरातल्या घरातच फिरत होती. वसईजवळच्या गिरीजच्या वाडीत केळीला पाणी सोडायला गेला की अर्ध्यावरच पंप बंद करून परत यायचा. जेवायला बसला की दोन घास खाऊन दारात जाऊन उभा राहायचा. दारातून दिसायचं काय, तर समोरचं त्याच्या मित्राचं, एरॉलचं घर, घराची पडवी आणि पडवीचं बंद शटर. त्या शटरमागं गुजाबाई उभी होती.

गुजाबाई म्हणजे मोटारसायकल. मोटो गुझी, फाल्कोने, पाचशे सीसी, चौपन्न साली इटलीत बनलेली, लालभडक. एरॉलच्या बापानं ती मुंबईतल्या एका इटालियन इंजिनियरकडून घेतली, तो इंजिनियर मायदेशी निघाला तेव्हा. गावाला 'गुझी' म्हणता येईना आणि कुणी फारशी खटपटही केली नाही. गुजाबाई म्हटलं की काम भागत होतं. इंजिनच्या डाव्या अंगाला ताटाएवढं लोखंडी चाक उघडंच गरगरायचं. आवाज तर असा सावकाश की दोन ठोक्यांच्या मध्ये माणसानं तंबाखू मळून घ्यावी.

गाडी एरॉलची, पण तिच्या आतड्यांची माहिती हरेश्वरला. वाड्यांतले पंप दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. इटलीहून पार्ट येणार कुठून? मग हरेश्वर घासायचा, ठोकायचा, लेथवर बसून घडवायचा. मोबदला एकच होता: दर रविवारी चर्चमधली मिस, म्हणजे प्रार्थना, आटोपली की एरॉल फाटकात हॉर्न वाजवायचा आणि हरेश्वर मागच्या सीटवर चढायचा. राजोडी, कळंब, अर्नाळा. समुद्र बघायचा, शेंगदाणे खायचे आणि परत. चाळीस वर्षं दोघांनी याहून मोठं काही केलं नाही आणि दोघांनाही त्याची कधी खंत वाटली नाही.

मागल्या वर्षी श्रावणातल्या एका रविवारी एरॉल असाच फाटकात आला. "चल, पाऊस उघडलाय. राजोडीला जाऊन येऊ." हरेश्वरच्या पुढ्यात उमेळ्याच्या गिऱ्हाइकाचा पंप उघडून पडला होता. "आज नको, उद्या जाऊ," तो मान वर न करता म्हणाला. एरॉल एकटाच गेला. परत आला, गाडी पडवीत लावली, खुर्चीत बसला आणि तिथून उठलाच नाही. डॉक्टरांनी हृदय बंद पडलं म्हणून सांगितलं. हरेश्वरला मात्र आपलं ते 'उद्या' तेवढं आठवत राहिलं.

महिनाभरानं तो फ्लॉसीकडे गेला. फ्लॉसी एरॉलची बायको. मराठी शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेली. तिनं एकदा उत्तर दिलं की ते फळ्यावर लिहिल्यासारखं.

"वहिनी, आठवड्यातून एकदा तरी इंजिन फिरवाया पाह्यजे."

"नको."

"निस्ती किक मारतो. भाएर काढत नाय."

"हरेश्वर, गाडीला हात लावायचा नाही."

का, ते तिनं सांगितलं नाही आणि विचारायची छाती हरेश्वरला झाली नाही. त्यातच बोरिवलीहून श्रीरंग नावाचा एक जण येऊन थडकला. जुन्या गाड्यांच्या कुठल्याशा क्लबातला. हातात पांढरे सुती हातमोजे घालून, बॅटरी मारून मारून त्यानं दोन तास गुजाबाईला न्याहाळलं आणि एकदाही तिच्यावर बसला नाही.

"काकू, अशा गाड्या देशात बोटांवर मोजण्याइतक्या असतील," तो म्हणाला. "हिला धुवू नका, रंगवू नका आणि चालवूही नका. आहे तशी ठेवा. मूळ रूप एकदा गेलं की परत येत नाही."

फ्लॉसीनं मान डोलावली. हरेश्वरची तळपायाची आग मस्तकात गेली.

"गाडी हाय ती, देव्हाऱ्यातला देव नाय," तो म्हणाला. "उभी राहिली का सडते. इथल्या खाऱ्या वाऱ्यात एक पंप चार महिने बंद ठेवून दाखव, मंग बोलू."

"आणि चालवताना कुठं आपटली तर, काका? पार्ट कुठून आणणार?"

"आनायचे कशाला? मी हाय ना. हिच्या पोटात डिझेल पंपाच्या रिंगा हायेत. मीच घासून बसवल्यात."

हे ऐकून श्रीरंगचा चेहरा असा झाला, जणू सत्यनारायणाच्या प्रसादात कुणी मीठ घातलं. तो गेला, पण त्याचे शब्द राहिले. शटर पडलं ते पडलंच. शिकलीसवरली बाई हातमोजेवाल्याच्या नादी लागली, असं हरेश्वरच्या मनानं घेतलं आणि एकदा घेतलं ते सोडलं नाही. तो दारात उभा राहून हिशेब करायचा: आता टाकीत पेट्रोलचा डिंक झाला असेल, आता सिलिंडरला गंज धरला असेल. मित्र गेला तेव्हा आपण जागेवर नव्हतो आणि आता त्याची गाडी मरतेय ती आपल्या डोळ्यांदेखत, हे त्याला सहन होत नव्हतं. खरं तर त्यानं रडायला हवं होतं, पण पुरुषमाणूस, तो आपला पाने-पकडी शोधत फिरायचा.

दसरा आला. दसऱ्याला गुजाबाईची पूजा हरेश्वरनं करायची ही जुनी रीत. घर कॅथलिक, पण एरॉल म्हणायचा, "देव ज्याचा त्याचा, गाडी दोघांची." फ्लॉसीच्याच अंगणातले झेंडू, हळदकुंकू, आणि शेवटी पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवून ते चिरडत गाडी फाटकाबाहेर काढायची. मागल्या वर्षी दुखवटा म्हणून राहिलं. यंदा फ्लॉसी दोन दिवसांसाठी नंदाखालला बहिणीकडे, ॲंजेलाकडे गेली आणि कोंबड्यांना दाणे टाकायला चावी हेमांगीकडे देऊन गेली.

"चावी कोंबड्यांची हाय, शटरची नाय," हेमांगीनं नवऱ्याची नजर ओळखून बजावलं.

"दोन्ही एकाच कडीत हायेत," हरेश्वर म्हणाला आणि निघाला.

फक्त चार थेंब तेल सोडायचं, एवढंच ठरवून त्यानं शटर उचललं. चादर बाजूला केली. किकवर पाय ठेवला. किक हललीच नाही. त्यानं अंगाचा सगळा भार टाकला. भिंतीवर उभं राहिल्यासारखं वाटलं.  प्लग काढून त्यानं तेल सोडलं, तासभर पडवीत येरझाऱ्या घातल्या, मग गाडी गिअरमध्ये टाकून मागचं चाक पुढंमागं, पुढंमागं हलवत राहिला. कितव्यांदा कोण जाणे, आत काहीतरी सुटलं. ते ताटाएवढं चाक बोटभर फिरलं, मग वीतभर, मग पुरं. हरेश्वरचे डोळे भरून आले.

त्यानंतर तो थांबणं शक्यच नव्हतं. पुढचं सगळं त्याच्या हातांनी त्याला न विचारता केलं. गाडी अंगणात आली. जुनं पेट्रोल बाहेर, नवं आत. दसरा म्हणजे गाडीला आंघोळ. बावखलावरचा, वाडीतल्या तळ्यावरचा पंप सुरू करून त्यानं नळी ओढली. मागच्या मडगार्डवर चिखल वाळून गिलाव्यासारखा बसला होता, तो काथ्यानं खरवडून काढला. टाकीवर डाव्या बाजूला मातीचे कसले ओरखडे होते. त्यावर तोंडाची वाफ मारून त्यानं फडकं फिरवलं, स्वतःचं तोंड दिसेपर्यंत फिरवलं. हळदकुंकू लावलं, हँडलला झेंडूची माळ घातली. आणि चौदा महिन्यांत पहिल्यांदा त्याला सपाटून भूक लागली.

खिशातलं लिंबू तो काढतोय तोच फाटकाशी रिक्षा थांबली. फ्लॉसी. ब्लडप्रेशरच्या गोळ्या घरी विसरली होती, त्या न्यायला आली होती.

हरेश्वरनं बोलणी खायची तयारी केली. पण माळेकडे तिनं बघितलंही नाही. सरळ टाकीच्या डाव्या बाजूला गेली, पर्समधून चष्मा काढून लावला आणि वाकून बघत राहिली. मग मागं जाऊन मडगार्ड बघितलं. मग पडवीच्या पायरीवर बसली.

"वहिनी, इंजिन जाम झालं व्हतं. सोडवलं मी. अजून एक पावसाळा गेला असता तर..."

"टाकीवर हात होता," फ्लॉसी म्हणाली.

हरेश्वरला कळेना.

"एरॉलचा. त्या दिवशी वाटेत गाडी घसरली होती. हात चिखलानं भरलेला. गाडी लावताना त्यानं टाकी धरली. पाचही बोटं उमटली होती." तिनं मागच्या चाकाकडे बोट केलं. "आणि मडगार्डवर होता तो राजोडीचा चिखल. त्याच दिवसाचा."

हरेश्वरनं हातातल्या फडक्याकडे बघितलं. ते तपकिरी झालं होतं. आत्ता त्याला ते ओरखडे आठवले: चार लांब आणि एक आखूड, बाजूला. चाळीस वर्षं त्या हातातून त्यानं पाने घेतले होते आणि तो हात त्यालाच ओळखता आला नव्हता. फडकं कुठं ठेवावं ते सुचेना. खाली टाकवेना, खिशात घालवेना.

"मला वाटलं, तो हातमोजेवाला सांगून गेला म्हनून तुम्ही..."

"त्याला गंजाची काळजी. मला गंजातलं काय कळतं? धुवू नका म्हणाला, माझं काम झालं. कुणाला कारण सांगावं लागलं नाही."

"मला तरी सांगायचं व्हतं, वहिनी."

"तुला सांगितलं असतं तर तू रोज बघायला आला असतास. रडला असतास. मग तुझं रडणं मी सांभाळायचं. मला माझंच झेपत नव्हतं."

ती चिडून बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तो तिथंच मातीत बसला. हेमांगीलाही जे सांगितलं नव्हतं ते त्याच्या तोंडून निघालं.

"त्यानं मला बोलावलं व्हतं. मी उद्या म्हनलो."

"माहीत आहे. जाताना सांगून गेला, आज मागची सीट रिकामी आहे म्हणून. हसत होता."

 कोंबड्या जवळ येऊन झेंडूच्या गळलेल्या पाकळ्या टोचू लागल्या. हरेश्वर रडला, चांगला हुंदके देऊन रडला, आणि फ्लॉसीनं त्याला रडू दिलं. तिनं एकदाच चष्मा काढून पदरानं पुसला.

"लिंबू आणलंयस?" तिनं विचारलं.

त्यानं मुठीतलं लिंबू दाखवलं.

"ठेव चाकाखाली."

"आता कशाला, वहिनी?"

"आता राखायला काय उरलंय? चालू कर."

सहा किका फुकट गेल्या. सातवीला गुजाबाई खोकली, आठवीला तिनं धूर सोडला आणि मग धप, धप, धप, तो सावकाश आवाज अंगणात भरला. समोर हेमांगी दारात येऊन उभी राहिली. लिंबू चिरडत गाडी फाटकापर्यंत गेली. दुरुस्तीनंतर वाडीच्या गल्लीत एक चक्कर, याच्यापुढं हरेश्वरनं ती कधी एकट्यानं चालवली नव्हती. पाठीमागचं रिकामपण त्याला टोचत होतं. त्यानं वळून बघितलं तर फ्लॉसी घरात गेली होती. गोळ्या घ्यायला गेली असेल, असं त्याला वाटलं.

ती बाहेर आली ती चपला बदलून, पदर कमरेला खोचून.

"राजोडीला चल," ती म्हणाली. "मी मागं बसतेय."

"तुम्ही?"

"लग्न झाल्यापासून या गाडीवर मी दोनदा बसलेय, हरेश्वर. एकदा लग्न लागल्यावर चर्चमधून घरी येताना. आणि एकदा तू तापानं पडला होतास तेव्हा." ती त्याच्या खांद्याचा आधार घेऊन चढली. "चाळीस वर्षं ही सीट तुझी होती."

 इतक्या रविवारांत हे एकदाही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. माफी मागावी तर कुठल्या कुठल्या रविवारची मागावी? त्यानं क्लच सोडला.

निर्मळ मागं पडलं, कळंब मागं पडलं. दसऱ्याच्या माळा घातलेल्या रिक्षा आणि टेम्पो समोरून येत होते; लोक वळून वळून बघत होते. फ्लॉसीचा हात त्याच्या खांद्यावर होता. राजोडीचा समुद्र सुरूच्या झाडांमागून दिसू लागला आणि तिथंच रस्त्यात, परतीच्या पावसाचं एक डबकं साचलेलं होतं, लालसर आणि भलं रुंद. हरेश्वरनं सवयीनं हँडल कडेला वळवलं. आत्ताच धुतलेली गाडी.

पाठीवर थाप पडली.

"चुकवू नकोस," फ्लॉसी म्हणाली. "आणि घरी गेल्यावर धुवायचं नाही."

हरेश्वरनं हँडल सरळ केलं आणि गाडी चिखलात घातली.