बिघडलेलं आहे, काढून टाका

आत्या दुकानात शिरली आणि शिरल्या शिरल्या तिनं धाकट्याच्या मानेवर थंडगार स्क्रू-ड्रायव्हर टेकवला. धाकटा म्हणजे तिचा सख्खा भाऊ, चष्म्याच्या दुकानाचा मालक. तो बिचारा एका गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवत होता. तो जागच्या जागी उडाला, फ्रेम गिऱ्हाइकाच्या भुवयांवर चढली, आणि तो मागे वळेपर्यंत आत्या मागच्या खोलीत पसार झाली होती. वय वर्षं बावन्न, पण सकाळी एक तरी खोडी काढल्याशिवाय बाईला चहा पचत नसे.

तिला आत्या म्हणायला भाचरूच असायला हवं असं काही नव्हतं. ती जुने कॉम्प्युटर दुरुस्त करायची आणि ज्यांचे दुरुस्त करायची ते सगळेच तिला आत्या म्हणायचे, या दुकानात भिंगं घासणारे, तिच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले काच-काकासुद्धा.

आज तिला बोलावलं होतं काच-काकांनी. मागच्या खोलीत छोट्या फ्रिजएवढं एक मशीन होतं. त्यात गोल भिंग अडकवायचं, कॉम्प्युटरवरून फ्रेमचा आकार पाठवायचा, की मशीन पाण्याच्या धारेखाली भिंग घासून बरोब्बर त्या आकाराचं करायचं. काका बावीस वर्षं तेच करत होते. बाहीवर कायम काचेची पांढरी भुकटी, म्हणून काच-काका. आणि कॉम्प्युटर असा की त्याचा मूळचा पांढरा रंग आता विडी ओढणाऱ्याच्या दातांसारखा झालेला.

गेले दोन आठवडे तो कॉम्प्युटर रुसला होता. मशीनशी बोलायचाच नाही. काका रोज तासभर आधी येऊन त्याला बंद कर, चालू कर, बंद कर, चालू कर, असं करत बसायचे. कधी तिसऱ्या वेळेला लागायचा, कधी अकराव्या. बुधवारी लागलाच नाही आणि चार गिऱ्हाइकं रिकाम्या हातानं परत गेली. धाकट्यानं मग एका विक्रेत्याला गाठलं. तो उद्या सकाळी नव्या मशीनचा कागद घेऊन सहीसाठी यायचा होता. नव्या मशीनला कॉम्प्युटर लागत नाही, काउंटरवरची मुलगीच बटण दाबेल, असं त्यानं रंगवून सांगितलं होतं.

धाकटा काकांना काही बोलला नव्हता. फक्त काल त्यानं त्यांच्या गुडघ्यांची फार आपुलकीनं चौकशी केली होती.

"बावीस वर्षांत पहिल्यांदा," काका स्टुलावर बसून म्हणाले. "माझे गुडघे त्याला कालच दिसले. आत्याबाई, घरी बसून मी काय करू? भिंती घासू?"

आत्यानं पिशवीतून वही काढली, पेन काढलं, आणि कॉम्प्युटरसमोर मांडी घालून बसता येत नाही म्हणून निदान तशा थाटात बसली. कॉम्प्युटर तिच्या चांगल्या ओळखीचा होता. आधी तो एका कचेरीत होता, मग धाकट्याच्या घरी, मग इथं, आणि इथं बारा वर्षांपूर्वी तिनंच बसवला होता. म्हणजे तीन घरचं पाणी प्यालेला. आणि प्रत्येक घरचं सामान तो अजून उराशी बाळगून होता.

तिनं एकेक उघडून बघायला सुरुवात केली. कचेरी बंद पडून आठ वर्षं झाली तरी हा गडी रोज सकाळी तिथल्या मोठ्या कॉम्प्युटरचं दार ठोठावून परवानगी मागत होता. धाकट्याच्या जुन्या घराचं वायफाय त्याच्या लक्षात होतं, वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याचंही होतं. ते कसं काय आलं, हे आत्यानं विचारलं नाही, कारण तो पासवर्ड कुणी पळवला होता हे तिला चांगलं ठाऊक होतं. एक प्रिंटर होता, जो भंगारात गेला होता. आणि नेटवर्कची कनेक्शनं तर अशी साचली होती की जणू जत्रेत हरवलेली पोरं.

काकांना वाटलं, सगळं एका फटक्यात उडवावं. आत्यानं त्यांना तिचा नियम ऐकवला, जो ती भेटेल त्याला ऐकवायची. जुन्या कॉम्प्युटरमधलं काहीही हलवायच्या आधी वहीत उतरवून घ्यायचं. मग ते फक्त बंद करायचं, उडवायचं नाही. मग काम चालतंय का बघायचं. एका वेळी एकच. ज्याचं काम कळत नाही त्याला हात लावायचा नाही. ती म्हणाली की उडवणं म्हणजे दाढी, परत चिकटवता येत नाही.

आणि तसंच चाललं होतं. कचेरीचा पत्ता वहीत, मग बंद. काकांनी टाकाऊ भिंग मशीनमध्ये लावलं, आकार पाठवला, मशीन घरघरलं, ठीक. शेजाऱ्याचं वायफाय वहीत, मग बंद, पुन्हा भिंग, ठीक. प्रिंटर, ठीक. कॉम्प्युटर चालू व्हायला आधी आठ मिनिटं लागायची, ती दोनवर आली. काका उठून उभे राहिले. आत्या फुगली. गाणं गुणगुणायला लागली, आणि आत्या गुणगुणायला लागली की समजावं, आता काहीतरी होणार.

यादीत पुढचं कनेक्शन आलं. त्याचं नाव होतं, बिघडलेलं आहे, काढून टाका.

नाव इतकं स्वच्छ की वहीत काय लिहायचं? एवढं स्पष्ट लिहून ठेवणारा हा भला माणूस कोण, असं म्हणत आत्यानं ते उडवलं. न लिहिता. थेट.

काकांनी भिंग लावलं, आकार पाठवला. मशीन गप्प. पुन्हा पाठवला. गप्प. त्याच्या छोट्या पडद्यावर एक लाल ठिपका लुकलुकत राहिला.

आत्याचा हात माउसवरच थिजला. कारण आता तिला आठवलं, असं लिहून ठेवणारा तो भला माणूस कोण ते.

तीच.

गोष्ट अशी होती. धाकटा लहानपणापासून उलट्या खोपडीचा. दार लाव म्हटलं की सताड उघडायचा. कॉम्प्युटर बसवला तेव्हा त्याला नाही नाही तिथं बोटं घालायची फार सवय, म्हणून आत्यानं एक नामी युक्ती केली. मशीनकडे जाणाऱ्या खऱ्या कनेक्शनला नाव दिलं, बिघडलेलं आहे, काढून टाका. आणि वायफाय पकडायला कॉम्प्युटरला खोचतात त्या एका निकामी काडीला नाव दिलं, फार महत्त्वाचं, हात लावू नका. धाकटा बारा वर्षं इमानेइतबारे त्या निकामी काडीशी खेळत राहिला आणि खऱ्याच्या वाटेला गेला नाही. आत्या महिनाभर हसली, आणि मग विसरून गेली.

आता त्या उडवलेल्या कनेक्शनमध्ये मशीनला ठाऊक असलेला कॉम्प्युटरचा नंबर होता. घराचा नंबर असतो तसा. दुसऱ्या कुठल्याही नंबराला मशीन ओ देणार नव्हतं. मशीनच्या पोटात तो असणार, पण ते पोट कंपनीच्या पासवर्डनं कुलूपबंद. आणि वहीत तेवढं एकच पान कोरं.

लाल ठिपका धाकट्याला पुढून दिसला असावा, कारण तो दारात येऊन उभा राहिला. आवाज अगदी मऊ. आणि मऊ आवाज काढला की तो मनातून ठरवून आलेला असतो, हे आत्याला माहीत होतं. तो म्हणाला, जाऊ दे ताई, तू तुझ्या परीनं केलंस. म्हणाला, उद्या सही करून टाकतो. आणि मग काकांकडे न बघता म्हणाला की काकांनी रोज दहा दहा वेळा बंद-चालू करून त्याचं पार भजं केलं असणार, त्यांचा तरी काय दोष, वय झालं.

काका भुकटीनं भरलेल्या बाहीकडे बघत राहिले.

गप्प बसणं फार सोपं होतं. आत्यानं आयुष्यात शंभर खोड्या काढल्या आणि शंभरही दुसऱ्याच्या नावावर खपवल्या. ही एकशे एकावी होती, आणि खपत होती.

"काकांनी नाही," ती म्हणाली. "मी उडवलं. आत्ता. आणि त्याला ते नावही मीच दिलं होतं, तुला फसवायला."

मग तिनं सगळं सांगितलं. बारा वर्षांचं, महत्त्वाच्या काडीसकट. धाकट्याचं तोंड आधी लाल झालं, मग पांढरं पडलं. आत्याला वाटलं आता फुटेल. पण तो भलत्याच जागी अडकला.

"म्हणजे ती काडी," तो हळूच म्हणाला, "कशालाच जोडलेली नव्हती?"

"कशालाच नाही."

"कधीच?"

"अरे बाबा, ती तेव्हाच मेली होती. का?"

धाकटा भिंतीला टेकला. आणि मग त्याच्या पोटातून बाहेर आलं ते असं. दोन आठवड्यांपूर्वी त्याला वाटलं, मशीन जरा हळू चालतंय. बिघडलेलं कनेक्शनच जर इतकं चालतंय, तर महत्त्वाचं किती चालेल. म्हणून त्यानं बिघडलेल्याचा नंबर बघून तळहातावर लिहिला आणि तोच नंबर महत्त्वाच्या काडीलाही दिला. एकाला दोन रस्ते झाले की गाडी सुसाट, असा हिशोब. काही झालं नाही, म्हणून काडी उपसून फेकून दिली. हात धुतले, नंबरही गेला.

आत्याला आता सगळा उलगडा झाला. काडी फेकली तरी तिचं नाव आणि तिला दिलेला नंबर कॉम्प्युटर विसरत नाही. मग रोज सकाळी हा म्हातारा उठायचा, एकच नंबर दोघांच्या नावावर बघायचा आणि गोंधळायचा. कधी खऱ्याला द्यायचा, कधी खऱ्याला म्हणायचा की तुझा नंबर दुसऱ्यानं घेतलाय, आणि मनानंच काहीतरी नवा द्यायचा. म्हणून कधी तिसऱ्या वेळेला, कधी अकराव्या. काकांचा त्यात काडीचाही दोष नव्हता.

"आता नंबर कुठून आणायचा ते बोला," धाकटा म्हणाला. मऊपणा कुठल्या कुठे गेला होता. तो विचारत होता, काडीला दिलेला नंबर कॉम्प्युटरच्या जुन्या नोंदींत शोधता येईल का, आणि आत्या म्हणत होती, येईल, पण अंधारात पाटीवरचं वाचल्यासारखं, दुपार होईल.

"एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, दहा, सत्त्याहत्तर," काका म्हणाले.

दोघं बहीणभाऊ एकदम वळले.

काकांना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण मशीन चालू केलं की पहिले दोन सेकंद त्याच्या पडद्यावर आकडे यायचे आणि जायचे. काका तेवढ्यात फडक्यानं पडदा पुसायचे. बावीस वर्षांत मशीन दोनदा बदललं, पण या आकड्यांवरून त्यांनी किमान बारा वर्षं फडकं फिरवलं होतं. त्यांना वाटायचं, मशीनचा जन्मनंबर असेल; होता तो मशीनला ठाऊक असलेल्या कॉम्प्युटरचा.

"मग आधी का नाही बोललात?" धाकटा म्हणाला.

"मला कुणी विचारलं? तुम्ही गुडघे विचारलेत."

आत्या इतकी खिदळली की स्टूल सरकलं. मग मात्र तिनं कमालीच्या शिस्तीत काम केलं. आधी नंबर वहीत लिहिला आणि खाली काकांची सही घेतली. कनेक्शन पुन्हा उभं केलं आणि नंबर घातला, तर कॉम्प्युटरनं तक्रार केलीच, की हा नंबर एका गैरहजर काडीच्या नावावर आहे. आत्यानं लपलेल्या वस्तूंची यादी उघडली. तिथं फिकट अक्षरांत बसली होती बया, फार महत्त्वाचं, हात लावू नका. आत्यानं तिचा पानभर तपशील वहीत उतरवला, पडद्याचा फोटो काढला, धाकट्याला दोनदा विचारलं की ही काडी जगात कुठं परत लावायची नाही ना, आणि मगच ती उडवली. कॉम्प्युटर बंद केला. चालू केला. टाकाऊ भिंग. घरघर. पुन्हा बंद, पुन्हा चालू. घरघर. पाच वेळा. पाचही वेळा पहिल्याच हाकेला ओ.

तेवढ्यात काउंटरवरून कुणीतरी हाक मारली. बस चालवणारी एक बाई आली होती, बुधवारी परत गेलेल्या चौघांपैकी. दुपारी तिची पाळी होती आणि चष्म्याशिवाय ती गाडीला हात लावणार नव्हती. तिनं स्पष्टच विचारलं, आज तरी आहे का, की दुसरं दुकान बघू.

धाकटा क्षणभर काकांकडे बघत राहिला. मग तिची फ्रेम घेऊन स्वतः मागे आला आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली, जशी लहानपणी फुटकी पाटी वडिलांपुढे धरायचा. काकांनी फ्रेम घेतली, खरं भिंग निवडलं, उजेडात तिरकं धरून बघितलं, लावलं. पाण्याची धार सुरू झाली. बाई काउंटरवर बोटं वाजवत होती ते ऐकू येत होतं. दोन्ही भिंगं बाहेर आली, काकांनी कडा अंगठ्यानं चाचपल्या आणि ती फ्रेममध्ये बसवली. टक्, टक्. बाईनं चष्मा घातला, दारात गेली, रस्त्यापलीकडची पाटी खालच्या बारीक अक्षरांसकट वाचली, आणि तिथूनच हात हलवून निघून गेली.

धाकट्यानं खिशातून फोन काढला आणि विक्रेत्याला लावला. म्हणाला, उद्या येऊ नका. पलीकडचा बराच वेळ बोलत राहिला. नवं मशीन, एक बटण, माणूसच लागत नाही. मागे काकांनी बुधवारच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाचं भिंग लावलंच होतं. शेवटी धाकट्यानं काही न बोलता फोन त्या घरघरणाऱ्या मशीनसमोर धरला, आणि पाण्याचे शिंतोडे उडत असताना तसाच धरून उभा राहिला, पलीकडून फोन ठेवेपर्यंत.