बावीस सेकंदांची हाक

तनुजाला हवं होतं एवढंच, की कुणीतरी शेजारी बसावं आणि 'बाभूळबन' ऐकावं. बास. पूर्ण गाणं, मधी न उठता. आता यात काय लई मोठं मागितलं, सांगा! पण अख्ख्या संभाजीनगरात तिला असा एक माणूस सापडंना.

बाभूळबन म्हणजे बँड. तेवीस वर्षं झाली, वाजवतायत. गिटार आहे, ड्रम आहे, जोडीला डिमडी आणि तुणतुणं, आणि गाणी अशी की लग्नात लावायची सोय नाय, देवळातबी लावायची सोय नाय. टीव्हीवर ते कधी आले नाय. ज्यांना माहीत आहे त्यांचा जीव आहे, बाकीच्यांना पत्ताच नाय. तनुजाला ते तिच्या मैत्रिणीनं, सोनियानं ऐकवलं होतं, कॉलेजात असताना, होस्टेलच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या चादरींच्या मधी बसून. मग सोनिया गेली बंगळुरूला. आधी रोज फोन, मग रविवारी, मग नुसता अंगठा. तनुजा शेंद्र्याला कंपनीत लागली, गारखेड्यात खोली घेतली आणि त्यांची सात-सात मिनिटांची गाणी एकटीच ऐकत राहिली. चार वर्षं!

म्हणायला ग्रुप होता. 'बाभूळबनचे वेडे', त्रेचाळीस जण. पुण्या-नाशिकचे लोक कार्यक्रमाला भेटायचे, गळ्यात हात टाकलेले फोटो टाकायचे. आपल्याकडं बँड फिरकतच नाय, त्यामुळं तनुजा आपली फोटोवर बदाम टाकायची.

आता ह्या लोकांची एक रीत ऐका. पहिल्या अल्बमचं शेवटचं गाणं आहे 'परतीची वाट'. ते संपतं, वाजवणं थांबतं, आणि मग बावीस सेकंद नुसता वारा, घुंगरं, आणि लांबून एका बाईची हाक. "हुर्रर्र... येऽऽ, ये ये येऽऽ!" बँडनं ते करमाडकडच्या एका माळावर रेकॉर्ड केलेलं. बाई कोण, असं विचारलं की ते म्हणायचे, माळावरची बाई. झालं! कुणी म्हणे गेलेल्या लेकराला बोलावते, कुणी म्हणे जमिनीला निरोप देते. एकानं तर त्यावर बारा पानं लिहिली. कार्यक्रम संपला की दिवे बंद होतात आणि हजार माणूस अंधारात ती हाक मारतं. ग्रुपात नवा कुणी आला की त्यानं आपल्या आवाजात हाक मारून पाठवायची, त्याशिवाय त्याला आपलं म्हणत नाय. तनुजानं तिची बाथरूममधी नळ सोडून मारली होती, घरमालकीण ऐकंल म्हणून. तर ग्रुपात विचारतात काय, "वा! धबधब्यावर गेली होतीस का?"

तर झालं काय, तनुजाच्या फोनची रिंगटोन तीच हाक. एक दिवस कंपनीच्या कॅन्टीनमधी फोन वाजला, आणि पोळ्या करणारी अंबिका लाटणं घेऊन तशीच बाहेर आली.

"ताई, ही हाक तुमच्याकडं कशी काय?"

"का गं?"

"अवो, ही तर आमच्या दगडाबाईची! माझी चुलतसासू. करमाडात कुणालाबी विचारा. ही हाक आली की आम्ही म्हणायचो, चला, शेळ्या फिरल्या, चुली पेटवा."

तनुजा जेवलीच नाय. तिनं ग्रुपवर एकच शब्द टाकला, 'सापडली'. तासाभरात दोनशे मेसेज! ऋतुराज म्हणून पुण्याचा एक आहे, ग्रुप त्यानंच काढलेला. तो म्हणाला, "तनुजा, तू महान आहेस." चार वर्षांत त्यानं पहिल्यांदा तिचं नाव घेतलं होतं. रविवारी सकाळी दहाला करमाड फाट्यावर भेटायचं ठरलं. नऊ जण येतो म्हणाले. नऊ! तनुजानं शनिवारी शहागंजात जाऊन किलोभर नानखटाई घेतली, आणि घरी येऊन वाटलं कमी पडंल, तर परत जाऊन अर्धा किलो आणली.

रविवारी ती साडेनऊलाच फाट्यावर. जालना रोडवरून ट्रकमागून ट्रक. पुण्याची पाटी असलेली गाडी दिसली की ही दोन पावलं पुढं, गाडी निघून गेली की दोन पावलं मागं. दहा वाजले. सव्वादहा. मग मेसेज यायला लागले. एकाच्या मुलाला ताप. एकीला सुट्टीच नाय. फुलंब्रीचा सुदर्शन, सगळ्यात जवळचा, त्यानं लिहिलं, "यार, घरी पाव्हणे टपकले, निघताच येईना." शेवटी ऋतुराज: "सॉरी गं, काम आलं. तू जा ना पुढं. तिची हाक रेकॉर्ड करून टाक. ती मिळाली तर पुढच्या महिन्यात आम्ही सगळे तुझ्या शहरात. चाळीसच्या चाळीस. शब्द देतो."

तनुजानं तो मेसेज तीनदा वाचला. चाळीस जण. तिच्या शहरात. दीड किलो नानखटाईची पिशवी उचलली आणि निघाली.

दगडाबाईचं घर पत्र्याचं, पुढं सारवलेला ओटा. म्हातारी सुपात तूर पाखडत बसलेली, सत्तरीची असंल.

"अंबीनं सांगितलंय मला. तूच का ती गाण्याची पोरगी? बाकीचे कुठंयत?"

"नाय आले, आजी."

"अन एवढं खायाचं कुणासाठी आणलंस?"

तनुजानं पिशवी तिच्यापुढं सरकवली. मग रेकॉर्डिंगसाठी आणलेला जुना फोन ओट्यावर ठेवला. "आजी, बोलणं रेकॉर्ड करू का?"

"कर बाई. माझं काय जातंय."

"ती हाक मारून दाखवता का एकदा? शेळ्यांची?"

म्हातारीनं सूप खाली ठेवलं. "शेळ्या कुठंयत? गुडघे गेले माझे, तीन वर्षं झाली इकून टाकल्या. माळ बी गेला. तो बघ, रंगाचे दगड रोवलेत, प्लाट पाडलेत. मोकळ्या रानाला कशाला हाक मारू? येडी म्हणत्याल मला."

"एकदाच, आजी. लई लोक वाट बघतायत."

"त्यांना म्हणावं, तुम्हीच मारा."

आता ते मारतातच की, पण हे म्हातारीला सांगायचं कसं! मग तनुजा म्हणाली, निदान ऐका तरी. स्पीकर काढला, गाणं लावलं, मांडी घालून शेजारी बसली. गच्चीवरच्या त्या दिवसांनंतर ती पहिल्यांदा कुणाशेजारी बसून हे गाणं ऐकत होती.

आणि दगडाबाई? ती गाण्यावर बोलतच राहिली! तुणतुणं सुरू झालं, ही म्हणते तुझ्या आईचं गाव कंचं. पहिलं कडवं आलं, ही म्हणते पगार किती. ज्या ओळीला तनुजाचे डोळे भरून येतात, बरोबर त्याच ओळीला तिनं विचारलं, "लगीन का नाय केलं अजून?" तनुजा हूं हूं करत राहिली.

मग वाजवणं थांबलं. वारा आला. घुंगरं आली.

"गप!" दगडाबाई म्हणाली. बोलत तर तीच होती. "गप, गप! ही कबरी. ऐक... हा पत्र्याचा आवाज, खडखड, ही मुंडी. डब्याला खिळा लावून मीच केली व्हती तिची घंटी. परत लाव."

तनुजानं परत लावलं, पहिल्यापासून.

"अगं, ते गाणं ऱ्हाऊ दे. शेवटचं लाव."

तेवीस वर्षांचा बँड, सात मिनिटांचं गाणं, आणि म्हातारीला ते मधी येत होतं. तनुजाला लागलं, खोटं कशाला सांगू. पण तिनं बोटानं गाणं सरकवलं आणि नुसते बावीस सेकंद लावले.

"चार पोरं व्हती, केसं वाढवल्याली," म्हातारी सांगायला लागली. "त्यांनी माळावर पेट्या मांडल्या अन असा दणका उडवला की शेळ्या सैरावैरा. मी त्यांना माघारी बोलवत व्हते. अन त्या पोरांना शिव्या बी दिल्या, त्या नाय का ह्यात?"

"नाय, आजी. त्या काढल्या असतील."

"चांगल्या शिव्या व्हत्या. लाव परत."

तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. पाचव्या खेपेला पत्र्याची घंटी वाजली, आणि दगडाबाईनं मान वर केली आणि हाक मारली. कुणी सांगितलं नव्हतं, तिला स्वतःलाबी कळलं नसंल. "हुर्रर्र... येऽऽ, ये ये येऽऽ!" आवाज फाटलेला, पण असला मोठा, की समोरच्या घरातलं कुत्रं उठून बसलं.

आणि मग ती भिंतीला धरून उभी राहिली. गुडघे गेलेली बाई! कपाळावर आडवा हात धरला आणि प्लॉटांकडं बघत राहिली. रंगाचे दगड, एक मोटारसायकल गेली, तिची धूळ खाली बसली. तनुजाबी तिकडंच बघत होती.

"बंद कर ते," दगडाबाई म्हणाली आणि खाली बसली. सूप पुढं ओढलं, पण पाखडलं नाय.

फाट्यावर येऊन तनुजानं जुना फोन कानाला लावला. सगळं आलं होतं. ती हाक, आणि मग मिनिटभर दोघींचे नुसते श्वास, आणि मग, बंद कर ते. त्रेचाळीस जणांत कुणाकडं असलं काही नव्हतं.

मेसेज आलाच. ऋतुराज: "मारली का हाक???"

तनुजाच्या डोळ्यांपुढं चाळीस जण आले. काळे टी-शर्ट, त्या ओट्यापुढं दाटीनं उभे, "आजी, एकदा! आजी, अजून एकदा!" म्हणत. आणि म्हातारी दर खेपेला भिंतीला धरून उठतेय. आणि ह्या गर्दीत तनुजाच्या खांद्यावरबी कुणाचा तरी हात आहे, फोटोत असतो तसा. हेबी तिला दिसलं. लई वेळ दिसत राहिलं.

तिनं लिहिलं, "नाही मारली."

"अरे यार! बरं, भेटीचं बघू मग कधीतरी." पाच मिनिटांत ग्रुप कुणाच्या तरी नव्या गिटारवर गेला होता.

शेअर रिक्षात ती कोपऱ्यात बसली, मांडीवर नानखटाईची पिशवी. म्हातारीनं दोनच ठेवून घेतल्या होत्या. कानात गाणं चालू. बरंच अंतर गेल्यावर शेजारच्या बाईनं कोपरानं ढोसलं.

"काय ऐकतीस गं, इतकं तोंड पाडून? आम्हाला बी ऐकव की."

तनुजानं तिच्याकडं नीट बघितलं. भाजीची पिशवी, कपाळाला घाम, थट्टा करत नव्हती. तनुजानं कानातलं काढलं, गाणं पहिल्यापासून लावलं, आवाज मोठा केला. पण 'परतीची वाट'चं सुरवातीचं वाजवणंच दोन मिनिटांचं आहे. तुणतुणं अजून एकटंच चाललेलं, तेवढ्यात चिकलठाणा आलं.

"छान हाय, पण लई हळू हाय बया," म्हणत ती बाई पिशवी सावरून उतरली. रिक्षा सुटली, आणि गाणाऱ्यानं पहिला शब्द म्हटला.