भाकरी थापण्याचा आवाज

आमच्या मालकांचं नाव कल्याणप्पा. आता घ्यायला हरकत नाही, लाजायचं वय गेलं. बहात्तरच्या दुष्काळात हा माणूस माझ्याबरोबर खडी फोडत होता आणि रेशनवर मिळणाऱ्या परदेशी लाल ज्वारीची, मिलोची भाकरी मुकाट गिळत होता. सासूबाईंनी, म्हणजे इरम्मांनी, राख घालून मडक्यात हुलगा जपला होता, म्हणून त्याच्या पिठाचं वाटीभर पातळ माडगं तरी पोटात जायचं.

पुढं विहिरीला पाणी लागलं, ऊस आला, आणि उसापाठोपाठ कारखान्याचं संचालकपद. झालं! मालकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ज्वारी मजुराचं खाणं ठरली. घरात गव्हाच्या पोळ्या, शिरा, आणि चहात तीन चमचे साखर. सगळ्या रानात ऊस. बांधाकडचे वीस गुंठे मात्र सासूबाईंनी सोडले नाहीत, तिथं त्यांची ज्वारी आणि हुलगा.

त्यांना पोळी जायचीच नाही. "चिंधी चावल्यावानी लागतंय," म्हणायच्या. स्वतःपुरती भाकरी थापायच्या. एकदा ओसरीवर पाहुणे बसलेले असताना मालक तावातावानं आत आले.

"अव्वा, थापायचा आवाज वसरीवर जातोय. संचालकाच्या घरी भाकरी? लोक काय म्हनतील?"

त्याच दिवशी तवा आणि काठवट गोठ्यात गेली. सासूबाईही गेल्या. दहा वर्षं ती बाई म्हशींच्या शेजारी चूल पेटवून एकटी जेवली. मी तोंड उघडलं नाही, याची मला अजून लाज वाटते.

शहाऐंशीला पुन्हा विहिरी आटल्या. ऊस उभा वाळला. त्यातच मालक चक्कर येऊन पडले. सोलापूरच्या डॉक्टरनं मधुमेह सांगितला. गोड बंद, पोळी बंद, ज्वारीची भाकरी आणि हुलगा खा, नाहीतर पाय कापावा लागेल. साखर कारखान्याचा संचालक! मला हसू आवरेना. हे बाहेर कुणाला कळू द्यायचं नाही, असा मालकांचा हुकूम.

त्याच आठवड्यात कारखान्याचे चेअरमन जेवायला आले. आत पुऱ्या, शिरा तयार. मी गोठ्यात धार काढत होते, तोच मालक चोरासारखे आत शिरले.

"अव्वा, दोन भाकरी थाप की."

"थापीन की. पन आवाज जाईल वसरीवर."

"हळू थाप."

"हळू थापलेली फाटती, बाबा. वसरीवर जाऊन समद्यांदेखत सांग. मंग घरातल्या चुलीवर थापते."

मालक दारापर्यंत जाऊन परत आले. भूक होती, पायाची भीतीही होती. गेले एकदाचे. मी काठवट उचलून स्वयंपाकघरात नेली. मागं सासूबाई.

ओसरीवरून मालकांचा आवाज आला, "अव्वा, भाकरी थाप!"

मग चेअरमन म्हणाले, "कल्याणप्पा, मलाबी एक टाकायला सांगा. डॉक्टरनं माझं गोड तोडलंय. लाजंनं बोललो न्हाय."

सासूबाईंनी अशी थापली की आवाज पार गल्लीत गेला. शिरा तसाच राहिला, सासूबाईंनी गोठ्यातल्या चुलीवर केलेली हुलग्याची उसळ पातेलं पुसून संपली.

दुसरी भाकरी पोटात गेली तशी मालकांची जीभ सुटली. "आमच्या घरात, सायेब, पहिल्यापासनं भाकरीच!"

सासूबाईंचे हात थांबले नाहीत. तिथूनच त्या ओरडल्या, "व्हय, गोठ्यात!"