बोट न उचलण्याची कला

मास्तर सकाळपासून एका आवाजाच्या मागे लागले होते. आवाज तसा मोठा नव्हे. नाचऱ्या फंक गाण्याच्या तळाशी सिंथवर, म्हणजे आवाज घडवायच्या कीबोर्डवर, वाजणारा बेस, खालच्या पट्टीतला एक जाडजूड ‘ढूंऽव’. तरुणपणी मेव्हण्याच्या बँडमध्ये मास्तरांनी तो काढला आणि लोक त्यांना तेवढ्यावरूनच ओळखू लागले. कुणाला आयुष्यात पदवी मिळते, कुणाला पद मिळतं; मास्तरांना ढूंऽव मिळाला होता.

आता बँड पुन्हा जमला होता, पण जुन्या सिंथच्या पोटात उंदरांनी कधीच संसार थाटला होता. मेव्हण्याने निकाल देऊन टाकला होता: संध्याकाळच्या तालमीपर्यंत नव्या सिंथवर तो आवाज आला नाही, तर बेस कॉम्प्युटरवरून वाजेल आणि मास्तरांनी कोरसच्या मागे उभं राहून टाळ्या द्यायच्या.

मास्तरांनी एकाच पट्टीवर दोन आवाज एकावर एक चढवले. एक किंचित बेसूर केला, म्हणजे आवाज अंगाने भरतो. फिल्टरचं बटण पिरगाळलं, म्हणजे तो तोंड उघडतो. वाजवलं. उठले. तहान नसताना पाणी प्याले, वायर काढून तीच वायर परत लावली, बसले.

“अहो, आता म्हशीला सर्दी झाल्यासारखं येतंय,” इस्त्री करता करता बायको आतून म्हणाली.

“आणि मघाशी?”

“मघाशी नुसती म्हैस होती. ती बरी होती.”

दुपारी मेव्हणा स्वतःच येऊन थडकला. तो ड्रमवाला, दिसेल त्या वस्तूवर बोटं बडवायचा. टेबल बडवत म्हणाला, “काय भाऊजी, झालं का? की टाळ्यांची प्रॅक्टिस सुरू करायची?”

मास्तरांचं डोकं सणकलं. “आधी तुमचा ताल सांभाळा, दादा! दुसरं कडवं आलं की उधळता ते थेट शेवटालाच भेटता!” तोंड मेव्हण्याकडे, हात आपले पट्ट्यांवर चाललेले.

बायको गरम इस्त्री हातात घेऊनच बाहेर आली. “थांबा! आला की तो!”

आला होता खरा. मास्तरांनी लगेच मान वळवली, पाठ ताठ केली, नीट वाजवलं. म्हैस हजर.

मग मास्तरांना उमगलं. सिंथ एका वेळी एकच सूर काढणारा. आधीची पट्टी सोडून पुढची दाबली की फिल्टर दरवेळी नव्याने तोंड उघडतो. बोट आधीच्या पट्टीवर रेंगाळलं, तर पुढचा सूर तसाच घरंगळत येतो. ते घरंगळणं म्हणजेच ढूंऽव! तरुणपणी मास्तरांचा हात गचाळ होता. पुढे क्लास काढला आणि “आधीचं बोट उचल!” असं ओरडून त्यांनी पोरं रडवली, आणि स्वतःचा हात कायमचा सुधारून घेतला.

आता बोट रेंगाळवायचं ठरवलं तरी ते उचललं जाई. बोटं सुसंस्कृत झाली होती. भांडताना तेवढी ती मूळपदावर येत.

तालमीत मेव्हण्याने ओळखून ड्रममागून विचारलं, “भाऊजी, त्या क्लासमधून आजवर एक तरी वादक निघाला का हो?” मास्तर फणकारून वळले. ढूंऽव! टाळ्या रद्द झाल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी मात्र पडदा उघडायच्या आत मेव्हण्याने मास्तरांचा हात हातात घेतला. “भाऊजी, इतकी वर्षं बोललो नाही, पण तुमच्यासारखा माणूस…”

“दादा, पाया पडतो, आत्ता चांगलं बोलू नका!”

“काय करू, वाईट काही सुचतच नाहीये,” मेव्हणा डोळे पुसत म्हणाला आणि ड्रममागे गेला.

मास्तरांनी सिंथपुढे जागा घेतली. बोटं शिस्तीत पट्ट्यांवर उभी राहिली. पडदा हलला. तेवढ्यात बायको विंगेतून आली, कानाशी वाकली आणि म्हणाली, “अहो, एक सांगायचं राहिलं. मला हे गाणं कधीच आवडलं नाही.”

“काय?” मास्तर गर्रकन वळले आणि गाणं सुरू झालं.

पहिल्या रांगेतले लोक उठून नाचू लागले, तरी मास्तरांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते विंगेकडे बघून विचारत होते, “म्हणजे, लग्नाच्या आधीसुद्धा?”